पीठ म्हणा, कूट नाही

साल एकोणीसशे चौसष्ट. माझं वय चोवीस आणि सुपडा वस्तादांचं पंचावन्न. म्हणजे ते पंचावन्न सांगत. मागच्या सालीही पंचावन्नच सांगितलं होतं, आणि त्याच्या मागच्या सालीही. बदाम खाणाऱ्या माणसाचं वय पुढे सरकत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. तोंडावर नाही म्हणायची गावात कोणाची छाती नव्हती.

आज इतक्या सालांनी हे लिहायला बसलो त्याला कारण एक पुडा. मला साखर निघाली म्हणून पुण्याच्या नातसुनेने तो पाठवला. गव्हाची पोळी सोडा आणि याची खा, असा निरोप. नातवाने पुड्यावरचं वाचून दाखवलं. प्रथिन आहे, अंगाला चांगलं असं तेल आहे, चोथा आहे, ई नावाचं जीवनसत्त्व आहे, साखर चढत नाही. मी विचारलं, "पन हाय काय?"

"आबाजी, बदामाचं पीठ."

"पीठ नाई बे. कूट."

"पीठच लिहिलं आहे आबाजी."

"लिहिनाऱ्यानं उखळ पाह्यलं नसन."

माझी शाळा दुसरीपर्यंत झाली. लिहिताना 'मला' लिहायचं आणि बोलताना 'मले' म्हणायचं, एवढं गुरुजींनी शिकवलं ते अजून पक्कं आहे. पण जात्यावर दळलं ते पीठ आणि उखळात कुटलं तो कूट, हे कळायला शाळा लागत नाही. या एका शब्दावरून एका माणसाला मी अर्धा जन्म बायकोशी भांडताना पाहिलं आहे. तो माणूस म्हणजे सुपडा वस्ताद.

आमचं गाव धाडच्या बाजाराला टोपली डोक्यावर घेऊन पायी जाता येईल एवढ्या अंतरावर. आम्ही माळी, वांगी-मिरची लावणारे. वस्तादांचं घर आमच्या घराला लागून, मधे कुडाची भिंत. त्यांच्याकडे फोडणी पडली की शिंका आमच्याकडे यायच्या. म्हणून पुढे जे सांगतो त्यात जे पाहिलेलं नाही ते ऐकलेलं आहे, आणि ऐकण्यात माझी चूक होत नाही.

सुपडा हे नाव आमच्याकडे काही नवलाचं नाही. वस्तादांच्या आधीची भावंडं जगली नाहीत, तर हे जन्मल्याबरोबर आईने यांना सुपात घातलं. सुपात घातलेलं लेकरू जगतं म्हणतात. हे जगले, आणि चांगले दाराच्या चौकटीएवढे झाले. कुस्तीत मोडून मोडून कानांच्या करंज्या झालेल्या. चालताना दोन्ही हात अंगापासून दूर, जसे काही बगलेत अंडी ठेवली आहेत. कमरेला करदोडा आणि करदोड्याला एक किल्ली. ती किल्ली पितळी डब्याच्या कुलपाची, आणि त्या डब्यात बदामाचं पीठ. आंघोळ करतानाही किल्ली सुटायची नाही. करदोडा तुटला तरी चालेल, म्हणायचे, किल्ली राहिली पाहिजे.

वस्तादांना एक खोड होती. माणूस पाहिला की तो कशाचा बनला आहे ते सांगत. तलाठी आला, "चहाचा." पाटलाकडे पाहून, "तुपाचा. पन दुसऱ्याच्या." त्यांचा स्वतःचा जावई लग्नात बोहल्यावर उभा होता, अंतरपाट धरलेला, तेव्हा माझ्या कानात म्हणाले, "साबुदान्याचा हाय. फुगते, पन उचलत नाई." आणि मला? मला म्हणाले, "वांग्याचा. वरून चकाकते, अंदर नुसत्या बिया."

मी काही दिवस त्यांच्या आखाड्यात जात होतो. गावात अजूनही काही जण सांगतात की वस्तादांनी मला काढलं. मला कोणी काढलं नाही. मला बागेला पाणी द्यायचं होतं म्हणून मी जाणं सोडलं, आणि त्याच दिवशी त्यांचा 'येऊ नको' असा निरोप आला, एवढंच.

त्यांची सगळी विद्या बदामावर उभी होती. डाव ते शिकवायचे, पण उरकल्यासारखे. बदामावर बोलायला लागले की मात्र आवाज बदलायचा. "आख्खा बदाम म्हंजे पाव्हना. आला, बसला, गेला. पीठ म्हंजे घरजावाई. एकदा घुसलं की जात नाई." बदामाची साल काढायचीच, नाहीतर ताकद आत अडकते. "साल म्हंजे बदामाचा सदरा. सदरा घालून कुस्ती व्हते काय बे?" बदामाने डोळ्याला तेज, मानेला ताठा, हाडाला गर. शेंगदाण्याचं नाव काढलं तर ते बाजूला थुंकायचे. "शेंगदाना घान्यात शोभते, आखाड्यात नाई."

बदाम आणायला ते सालातून एखाद्या वेळी एसटीने पार नांदुऱ्याला जात. रेल्वेचं गाव, तिथे माल खरा येतो, असा विश्वास. एकदा मीही मिरची घेऊन सोबत होतो. दुकानदाराची पितळी ताटली त्यांनी मागून घेतली आणि एकेक बदाम तिच्यात टाकून कान लावून ऐकू लागले. मागे गिऱ्हाइकांची रांग लागली. शेवटी दुकानदार म्हणाला, "वस्ताद, बदाम घेऊन राह्यले का बंदा रुपया?"

"रुपया खोटा निंघाला तं अंधारात चालोता येते," वस्ताद म्हणाले. "बदाम खोटा निंघाला तं पैलवान पडते. तू चूप बस."

आणि गंमत अशी की, इतकं करून ते स्वतः एक बदाम तोंडात टाकत नसत. "म्या माह्ये खाऊन बसलो. आता पोराइनं खायाचे." पीठ तयार झालं की डब्याचं झाकण उघडून नुसता वास घेत, डोळे मिटत आणि कुलूप लावत. त्यात वेलदोडा आणि जायफळ इतकं असायचं की वास घेणाऱ्याला दुसरं काही कळूच नये. म्हणजे बदाम कसा लागतो हे गावात एका वस्तादांनाच माहीत, आणि त्यांनी शेवटचा कोणत्या काळी खाल्ला होता देव जाणे.

पीठ करायचं काम त्यांच्या बायकोचं, कौतिकाबाईंचं. बाई ठेंगणी, काटक, बोलायची कमी. बोलली की मात्र ऐकणाऱ्याला पुन्हा विचारायची गरज पडत नसे. वस्ताद साठ्याचं कुलूप काढून त्या दिवसापुरते बदाम देणार, ती साल काढून वाळवणार, उखळात कुटणार, फडक्यातून चाळणार, आणि ते परत डब्यात जाऊन कुलूप लागणार. कुटणं चाललं असताना वस्ताद राखणीला बसायचे. पण उखळाकडे पाठ करून. बायकांच्या कामाकडे तोंड करून बसणं वस्तादाला शोभत नाही. बैलगाडी कमरेने उचलणारा माणूस, पण मुसळाला त्याचं बोट कधी लागलं नव्हतं.

आणि मग रोजचा झगडा.

"घ्या. कूट झाला."

"पीठ म्हन."

"उखळात कुटलं त्याले पीठ कसं म्हनू? जात्यात टाका, मंग म्हन्तो. जातं तेल पिऊन बसन."

"कूट शेंगदान्याचा राह्यते. हे बदामाचं पीठ हाय. लोक आयकून राह्यले."

"लोकाइले काय करा लागते? घ्या तुमचं पीठ. कुटलेलं."

भिंतीच्या अलीकडे आम्ही हसायचो. पलीकडे कोणी हसत नव्हतं.

आता गोडंबीचं सांगितलं पाहिजे, कारण पुण्याच्या लोकांना ती माहीत नसते. आमच्या डोंगरात बिब्याची झाडं आहेत. बिबा म्हणजे काळी चपटी बी, तिचं तेल इतकं जहाल की अंगाला लागलं की कातडी फुगते, फोड येतात. त्याला बिबा उतणे म्हणतात. बिबा उतलेलं तोंड आमच्याकडचं लहान लेकरूही ओळखतं. पण हीच बी जपून फोडली तर आत पांढरा गोड गर निघतो, ती गोडंबी. दिसायला बदामाचं पिल्लू. डोंगरातल्या बाया ती फोडून, पुसून धाडच्या बाजारात आणत. ज्यांना बदाम परवडत नव्हते, म्हणजे सगळे, त्यांच्या घरात बाळंतिणीच्या शिऱ्यात, लाडवात गोडंबी पडायची. वस्ताद तिला 'बायकाइचा मेवा' म्हणत.

त्याच साली उन्हाळ्याच्या तोंडाला गावात ग्रामसेविका आली. नवं राज्य झालेलं, सरकारला लोकांनी काय खावं याची काळजी लागली होती. बाईने शाळेच्या पडवीत बाया जमवल्या, भिंतीला चित्र लटकवलं आणि सांगू लागली की मूठभर शेंगदाण्यात बदामापेक्षा कमी बळ नाही. हे पडवीबाहेर उभ्या वस्तादांच्या कानावर गेलं. ते सरळ बायांच्या मधे जाऊन उभे राहिले.

"बाई, सरकारले बदाम परवडत नसतीन तं तसं सांगा. शेंगदान्याले काऊन पुढे करता?"

बाई पोरसवदा, पण घाबरली नाही. "तसं नाही बाबा. अंगात मांस बनवणारा जो भाग असतो, तो शेंगदाण्यात बदामापेक्षा थोडा जास्तच असतो. बदामही चांगलाच. पण आपल्याकडे जे पिकतं..."

"तुमी कुस्ती खेळल्या कधी?"

"नाही."

"मंग?"

बाया पदरात तोंड घालून हसल्या. वस्ताद जिंकल्यासारखे बाहेर पडले. आणि सगळ्यांत मागे बसलेल्या कौतिकाबाईंनी त्यांच्या पाठीमागे हळूच विचारलं, "बाई, घरात एकच मूठ आसन, आन पैलवानही आसन, आन बाळंतीनही आसन, तं कोनाले द्यावं?"

"यात विचारायचं काय? आधी बाळंतिणीला. ती दोघांचं खाते."

कौतिकाबाईंनी मान डोलवली आणि उठून गेल्या. हे मला माझ्या आईने सांगितलं. ती शेजारीच बसली होती.

कौतिकाबाईंनी हे उगाच विचारलं नव्हतं. घरात त्यांची मुलगी विमल दुसऱ्या बाळंतपणाला आलेली होती. पहिलं बाळंतपण सासरी झालं होतं. ते लेकरू गेलं होतं. आईला दूधच आलं नाही. आता ही मुलगी झाली, आणि पुन्हा तेच. विमल वाळून काडी झालेली. लेकरू रडायचं तेही असं की भिंतीला कान लावावा तेव्हा ऐकू येई.

आणि घरात बदाम होते. पण त्यांना कुलूप होतं, कारण त्याच महिन्यात धाडच्या जत्रेत कुस्त्यांची दंगल होती. मागच्या जत्रेत वस्तादांचा पठ्ठ्या किसना सगळ्यांदेखत चीत झाला होता. त्या दिवशी वस्तादांनी मैदानातच शपथ घेतली होती: पुढच्या जत्रेत किसना पडला तर आखाड्याला काटे लावीन आणि पुन्हा मातीला पाय लावणार नाही. गाव अशी शपथ विसरत नाही. वस्तादांना आखाड्याशिवाय दुसरं काही नव्हतं. शेत होतं ते भावाच्या अंगावर टाकलेलं. म्हणून किसनाला रोज दुधातून दोन मुठी पीठ चाललं होतं.

एका दिवशी दुपारी भिंतीपलीकडून ऐकू आलं.

"आहो, पोरीले दूध नाई. डब्यातलं मूठभर द्या."

"डबा आखाड्याचा हाय. तिले गोडंबीचा शिरा घाल. बायकाइच्या अंगी तेच लागते."

"पयल्या टायमालेही गोडंबीच घातली व्हती."

"ते सासरची. त्याइची गोडंबी खोटी आसन."

मग वस्तादांचाच आवाज, जरा खाली आलेला. "दंगल होऊ दे. मंग देतो ना. पळून चाल्ले काय बदाम?"

"लेकराले दंगल समजत नाई," कौतिकाबाई म्हणाल्या.

मग उखळाचा आवाज सुरू झाला. वस्ताद नेहमीसारखे पाठ करून बसले असतील. त्या दिवसापासून बाई कूट देताना "घ्या, पीठ झालं" म्हणू लागल्या. वस्ताद खुश. मला म्हणाले, "पाह्यलं? बाई मानूस उशिरा समजते, पन समजते." मला तेव्हाच चुकल्यासारखं वाटलं होतं. कौतिकाबाई शब्द बदलणाऱ्या नव्हत्या.

दंगलीच्या दिवशी सकाळी किसना माझ्या दारावरून गेला आणि मी त्याला ओळखलं नाही. ओठ टरारून शेंगेच्या दाण्यासारखे, डोळ्यांच्या जागी दोन चिरा. बोलायला गेला तर शब्दाच्या आधी लाळ येत होती. वस्तादांनी त्याची हनुवटी धरून तोंड उन्हाकडे फिरवलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "रक्त वाढलं. बदामाची गरमी हाय. आज तुले कोनी पाडत नाई."

"खाजून राह्यलं वस्ताद."

"ताकद खाजते. चाल."

कौतिकाबाई दारात होत्या. त्यांनी किसनाचं तोंड पाहिलं आणि आत जाऊन खोबरं वाटून आणलं. बिबा उतला की आमच्याकडे खोबरं लावतात. वस्तादांनी त्यांच्याकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "थंड असते," आणि त्याच्या तोंडाला फासून दिलं.

मैदानात समोरचा पैलवान नूर वस्तादांचा होता. नूर वस्ताद म्हातारे, बारीक, डोळ्यांत सुरमा. आमच्या वस्तादांशी त्यांची जुनी दोस्ती आणि त्याहून जुनी खुन्नस. दोन्ही पैलवान मातीत उतरले. हाताला हात लागायची वेळ आली आणि कडेवरून कोणीतरी ओरडलं, "आबे, त्याले हात लावू नको! बिबा उतला हाय त्याले! तुलेही उतन!"

बस. समोरचा गडी एकदम मागे सरला. किसनाने मान पकडायला हात टाकला की तो तोंड बाजूला करी. किसना अंगावर गेला की तो पायांवर नाचत मागे. कुस्ती काय, विटाळ पाळणं चाललं होतं. नूर वस्ताद ओरडत होते, "पकड रे! खाता क्या वो तेरेकू!" पण गडी काही जवळ येईना. शेवटी किसनाने, जेवढं दिसत होतं तेवढ्यात, खाली वाकून त्याचा पाय धरला, पट काढला आणि त्याला आकाश दाखवलं. पडल्या पडल्या तो गडी उठून पहिल्यांदा तोंड धुवायला पळाला.

वस्तादांच्या अंगात आलं. ते मैदानाच्या मधे गेले, करदोड्याची किल्ली काढली, डबा वर धरला आणि चारही बाजूंना फिरून म्हणाले, "हे पाहून घ्या! बदामाचं पीठ! शेंगदाना नाई, सरकारी भाषन नाई. बदाम!"

टाळ्या पडल्या. नूर वस्ताद हळूहळू चालत आले. त्यांनी डब्यात बोट घातलं, बोटावरचं जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले. मग आमच्या वस्तादांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सुपडा भाई, कुस्ती तेरी. इसमें कुछ बोलना नै. लेकिन ये बदाम नै रे. ये गोडंबी हाय. बदाम से किसका मूँ सूजता?"

त्यांनी हळू म्हटलं होतं. पण दंगलीत सगळ्यांचे कान तिकडेच असतात. तेवढ्यात झाडावर बसलेला कोणीतरी ओरडला, "वस्ताद! पैलवान कव्हा बाळंत झाला हो?"

त्यानंतर जे हसू फुटलं ते मी सांगत नाही. जत्रेतल्या पाळण्यांचा आवाज त्यात बुडाला. "पोरगा हाय का पोरगी?" "बारसं कव्हा?" "शिऱ्यात गूळ टाकता का साखर?" किसना बिचारा बक्षिसाचा पटका हातात घेऊन उभा, जिंकलेला. वस्तादांनी डब्याचं झाकण लावलं. त्यांनीही एक चिमूट जिभेवर ठेवली होती, हे मी पाहिलं. मग कुलूप लावलं. मला वाटलं नूर वस्तादांच्या अंगावर जातील. गेले नाहीत. डबा बगलेत मारला आणि गावच्या वाटेला लागले. आम्ही सगळे मागून. वाटेत किसना एकदा म्हणाला, "वस्ताद, जिकलो ना मी?" तर म्हणाले, "जिकला." एवढंच.

दिवेलागणीला मी आमच्या भिंतीजवळ बसलो. मला तिथे मिरची निवडायची होती. डबा जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला.

"हे काय हाय?"

"गोडंबी."

"कव्हापासून?"

"तुमी नाई म्हनलं त्या दिसापासून."

"माह्ये बदाम कुठी गेले?"

"तिच्या पोटात." बाईंचा आवाज जरासुद्धा वर गेला नव्हता. "आन तिच्या पोटातून हिच्या. काढा आता भाईर. वस्ताद हा ना तुमी."

"आन पैलवानाचं तोंड?"

"तेवढं चुकलं माह्यं. ह्या बाजारी डोंगराच्या बाया आल्या नाईत. म्या सोताच बिबे फोडले हाताले राख लावून. तुमी पाठ करून बसले व्हते, घाईघाईनं तेल पुसाचं राह्यलं. किसनाले मी सांगीन, त्याचं मले वाईट वाटते. बाकी कशाचं वाटत नाई."

"जत्रेत लोक हासले मले."

"हासू द्या."

"म्या शपथ घेतली व्हती."

"मंग जिकला ना तुमचा? बाळंतिनीच्या खुराकावर जिकला. आता आखाडा बंद करा का चालू ठेवा, ते तुमी पाहा."

मी मिरचीची देठं तोडत होतो, पण आवाज न करता. मग बाईंचा आवाज आला, आणि तो आता पाळण्याच्या बाजूने येत होता.

"तुमी लोकाइकडे पाहून सांगता ना, कोन कशाचा हाय? तलाठी चहाचा, जावाई साबुदान्याचा. इकडे या. दिवा धरतो म्या. ह्या पोरीकडे पाहा आन सांगा, हे कशाची हाय. तुमच्या मायनं तुमाले सुपात घातलं व्हतं, तुमी जगले. म्या सुपात नाई घातलं. म्या बदाम घातले."

पाळण्याची कडी वाजली. लेकरू रडायला लागलं. भिंतीला कान न लावता ऐकू येईल असं, चांगलं ठणठणीत. विमल म्हणाली, "द्या इकडे, भूक लागली तिले." वस्ताद काय म्हणतात म्हणून मी थांबलो. माझ्या सगळ्या आयुष्यात वस्तादांनी माणूस पाहिला आणि तो कशाचा ते सांगितलं नाही, असं त्या एकाच वेळी झालं.

आता कोणी म्हणेल की वस्ताद चूक निघाले. मी म्हणत नाही. ग्रामसेविका शेंगदाणा म्हणत होती, नूर वस्ताद खारका म्हणायचे, नातसून पुड्यावरचं वाचते. सगळे बरोबर असतील. पण बदामात बळ आहे असं वस्ताद सांगत होते ते खोटं कुठे निघालं? फक्त ते ज्याच्या अंगात दाखवत होते त्याच्या अंगात नव्हतं, दुसऱ्याच्या होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वांग्याची टोपली घेऊन धाडच्या वाटेला निघालो. वस्तादांच्या घराचं दार सताड उघडं होतं. उखळ आतून ओढून ओट्यावर आणलेलं, रस्त्याच्या तोंडावर. आणि उखळासमोर, या वेळी पाठ करून नाही, वस्ताद मांडी घालून बसले होते. मुसळ दोन्ही हातांनी धरलेलं, गदा धरावी तसं. एकेक घाव असा की उखळ फुटेल. कुटता येत नव्हतंच त्यांना. अर्धा माल बाहेर उडत होता आणि ते बोटाने एकेक तुकडा वेचून परत आत टाकत होते. करदोडा रिकामा होता. किल्ली डब्याच्या कुलपातच लटकत होती.

रस्त्यावरून जाणारे थांबत होते. कालचे हसणारेही त्यात होते. त्यांतल्या एकाने विचारलंच, "काय कुटून राह्यले वस्ताद?"

मी टोपली खाली न ठेवता उखळात डोकावलो. गोडंबी करंगळीच्या नखाएवढी असते. उखळात होते ते अंगठ्याच्या नखाएवढे, सोललेले, पांढरेशुभ्र. साठ्यात उरलेले नांदुऱ्याचे. ताटलीत वाजवून घेतलेले.

वस्तादांनी मान वर केली नाही.

"गोडंबी," ते म्हणाले. "बाळंतिनीसाठी."

कोणी हसलं नाही. मी टोपली सावरली. मग त्यांनी मुसळ बाजूला ठेवलं, कपाळाचा घाम पुसला आणि घराकडे तोंड करून, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली.

"आयकलं का? कूट झाला. घेऊन जा."